मॅडम, लाल दिवा दिसतोय का?

‘मुंगी टीव्हीच्या कंपनीत कामाला आहे.’ घरात भांडण झालं ते याच वाक्यावरून.

वाक्य खोटं नव्हतं. मुंगी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी एवढीशी असून स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू ओढून न्यायची, म्हणून पडलेलं. आता ती कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्रात बसून फोन घ्यायची. लोकांचे टीव्ही बंद पडत, लोक फोन करत, आणि कुठलं बटण दाबायचं ते ती त्यांना सांगत असे. पण तिच्या आईला ‘टीव्हीच्या कंपनीत’ एवढ्यावर थांबणं जमेना. आधी ती ‘तांत्रिक विभागात आहे’ असं सांगायला लागली. मग ‘टीव्हीचं सगळं तीच बघते’ इथपर्यंत मजल गेली. आणि मावशीकडे सगळे जेवायला जमले होते तेव्हा, वाढता वाढता, मुंगी एकदम इंजिनियर झाली.

मावशीचे यजमान ताटावरून मान वर करून म्हणाले, “मग इंजिनियरबाई, आमच्या टीव्हीत माणसं हिरवी दिसतात त्याचं काय करायचं?”

“आमच्या नंबरवर फोन करा, काका,” मुंगी म्हणाली. “मीच उचलेन. मी फोन घ्यायचं काम करते.”

तिने हे अगदी सहज सांगितलं. तिला त्यात लाजण्यासारखं काही वाटत नव्हतं. पण आईच्या हातातला डाव पातेल्यात तसाच उभा राहिला, आणि घरी पोचेपर्यंत आई एक शब्द बोलली नाही. घरी पोचल्यावर मात्र सगळं व्याजासकट निघालं.

“चारचौघांत माझं नाक कापलंस.”

“मी कुठे कापलं? तूच ते एवढं वाढवून ठेवलं होतंस.”

“फोनच उचलायचे होते तर इतकं शिकलीस कशाला? फोन उचलायला लागतं काय? एक हात.”

हे मुंगीला फार लागलं. ऑफिसच्या जवळ तिच्या दोन मैत्रिणींनी खोली घेतली होती आणि तिसरी जागा रिकामी होती. मुंगीने बॅग भरली आणि ती तिकडे राहायला गेली. ‘जाणं-येणं सोपं पडतं’ असं तिने बाबांना सांगितलं. आईला काहीच सांगितलं नाही.

त्यानंतर मायलेकींचं बोलणं बाबांमार्फत चालू राहिलं. बाबा संध्याकाळी फोन करायचे. “आई विचारतेय, जेवलीस का.” मुंगी म्हणायची, “तिला सांगा, जेवले.” मग मागून आईचा आवाज यायचा, “मी कुठे काय विचारलं?” आणि बाबा म्हणायचे, “आई म्हणतेय तिने विचारलं नाही.” सरळ माणूस. आयुष्यभर नकाशे काढायच्या कचेरीत काम केलेलं. जे जिथे आहे ते तिथेच दाखवायचं, ही सवय.

असे दिवस चालले असताना एका दुपारी आईचा टीव्ही बंद पडला.

बंद पडायला दिवसही असा निवडला की बोलायची सोय नाही. आईच्या चारच्या मालिकेतली सून कित्येक आठवडे बेशुद्ध होती. दवाखान्यातल्या खाटेवर पडून राहायची आणि तिच्याभोवती उरलेली माणसं कारस्थानं करायची. ती आज शुद्धीवर येणार, असं आदल्या दिवशी ठळक अक्षरांत दाखवलं होतं. आईने साडेतीनलाच टेबलावरचा रिमोट उचलला, बटण दाबलं, आणि टीव्ही काळा तो काळाच. पुन्हा दाबलं. जोरात दाबलं. रिमोट तळहातावर आपटून दाबलं. बाबांना बोलावून त्यांच्याकडून दाबून घेतलं.

“मुंगीला विचारतो,” बाबा म्हणाले.

“अजिबात नाही,” आई म्हणाली. “टीव्हीच्या मागे कंपनीचा नंबर आहे. पैसे मोजून घेतलाय टीव्ही. मी कंपनीला फोन करते.”

मुंगीच्या केंद्रात टीव्ही, फ्रीज, मिक्सर यांची टेबलं वेगवेगळी होती; टीव्हीच्या टेबलावर दोघीच असत, आणि त्या दिवशी दुसरी रजेवर होती. हे आईला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. तिला वाटलं, एवढी मोठी कंपनी, शंभरएक मुली असतील. फोन वाजला, आणि पलीकडून आवाज आला:

“नमस्कार. ग्राहक सेवा केंद्रात आपलं स्वागत आहे. मी आपली काय मदत करू शकते?”

 आईने घसा खाकरला. ते खाकरणं मुंगीने आयुष्यभर रोज सकाळी न्हाणीघराच्या दाराबाहेर ऐकलं होतं. तिच्या कानावरचा हेडफोन एकदम गरम झाल्यासारखा वाटला.

आता इथे एक अडचण होती. या केंद्रात खासगी फोन घ्यायला सक्त मनाई होती. प्रत्येक बोलणं रेकॉर्ड व्हायचं, आणि काचेच्या खोलीत बसलेले साहेब वाटेल तेव्हा वाटेल त्या फोनवर कान लावायचे. सगळे त्यांना पाठीमागे ‘भिंत’ म्हणत, कारण भिंतीला कान असतात. भिंत ऐकत असली की टेबलावरच्या फोनवर छोटा हिरवा ठिपका लागायचा. आत्ता तो लागलेला होता. गेल्याच आठवड्यात मिक्सरच्या टेबलावरच्या एकाने फोनवर मेहुण्याची ख्यालीखुशाली विचारली, तर त्याला आत बोलावून अर्धा तास ताटकळत उभं केलं होतं.

“टीव्ही सुरू होत नाहीये,” आई शेवटी म्हणाली. “तुमच्याकडे दुसरं कोणी नाही का?”

“आत्ता मीच उपलब्ध आहे, मॅडम. आपलं बोलणं दर्जा तपासण्यासाठी रेकॉर्ड होत आहे.”

‘रेकॉर्ड’ हा शब्द मुंगीने जरा सावकाश उच्चारला. आईने तो ऐकला आणि तिला समजला. ती हेकट होती, पण बिनडोक नव्हती.

“असं होय,” आई म्हणाली. “बरं. चालू द्या, मॅडम.”

“आपलं पूर्ण नाव सांगाल का?”

“ते पण सांगायचं?”

“नोंद करावी लागते, मॅडम.”

आईने स्वतःचं नाव, बाबांचं नाव आणि आडनाव, तिन्ही एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, बहिऱ्याला सांगावं तसं. मुंगीने ते टंकलं. पत्ताही तिने शेवटपर्यंत ऐकून घेतला, मग टंकला. बोटं आपोआप पुढे पळत होती, त्यांना आवरून धरावं लागलं.

“टीव्हीच्या खाली उजव्या कोपऱ्यात लाल दिवा दिसतोय का, मॅडम?”

“कुणाच्या उजव्या? माझ्या की त्याच्या?”

“तुमच्या.”

“तो माझ्याकडे तोंड करून उभा आहे. त्याचं उजवं वेगळं.”

“तुमच्याच उजव्या हाताला, मॅडम.”

“तिथे काळी चिकटपट्टी आहे. ह्यांनी लावलीय. दिवा डोळ्यांत येतो म्हणे.”

“ती काढून बघाल का?”

खरवडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग आई म्हणाली, “काढली. दिवा नाहीच आहे. पट्टीखाली नुसता डिंक.”

“रिमोटचे सेल बदलून पाहिलेत का?”

“पाहिले ना. घड्याळातले काढून रिमोटमध्ये घातले, आणि रिमोटमधले घड्याळात. आता दोन्ही बंद आहेत. किती वाजले ते पण कळत नाही. तुमच्याकडे किती वाजले?”

“चारला दहा कमी, मॅडम.”

“अजून आहे वेळ,” आई म्हणाली आणि खुर्चीत नीट बसल्याचा आवाज आला. “कसं असतं बघा मॅडम, माझी मुलगीच टीव्हीच्या कंपनीत आहे. पण तिला फोन करायची सोय नाही.”

मुंगीने हिरव्या ठिपक्याकडे पाहिलं. अशा वेळी वापरायची वाक्यं तिला नेमून दिलेली होती. तिने त्यातलं एक उचललं.

“आपली अडचण मी समजू शकते, मॅडम.”

“समजू शकता? ती घर सोडून गेली. जाताना वळूनसुद्धा पाहिलं नाही.”

“झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.”

“आहोत म्हणजे? कोण कोण?”

“मॅडम, कदाचित,” मुंगी म्हणाली, आणि हे काही नेमून दिलेलं वाक्य नव्हतं, “कदाचित कुणी तिच्या कामाला नावं ठेवली असतील.”

“तुमच्या माहितीपत्रकात आहे का हे?”

“नाही, मॅडम. टीव्हीचा प्लग कुठे लावलेला आहे?”

“ह्यांच्या बोर्डाला.”

हा बोर्ड मुंगीच्या चांगला ओळखीचा होता. निवृत्त झाल्यावर बाबांनी एका फळीवर स्वतःच्या हाताने तो केला होता. सहा प्लग, चार बटणं, एक बल्ब, आणि प्रत्येक बटणाखाली नकाशावर लिहावं तशा वळणदार अक्षरात ‘टीव्ही’, ‘पंखा’, ‘इतर’, ‘राखीव’. त्याला अनवाणी उभं राहून हात लावला तर तो अधूनमधून चावायचा.

“मॅडम, आधी पायात चप्पल घाला,” मुंगी घाईने म्हणाली. मग ठिपका आठवून तिने जोडलं, “ही सर्वसाधारण सूचना आहे.”

“घालते. बोर्डाचा बल्ब तर पेटलाय.”

“त्या बल्बला वायर वेगळी असू शकते. टीव्हीचा प्लग काढून थेट भिंतीतल्या जोडणीत लावून बघाल का?”

आईने फोन तोंडापासून दूर धरला. पलीकडची चर्चा मुंगीला अर्धवट ऐकू आली. आई म्हणत होती, बोर्डातून काढायला सांगतायत. बाबा म्हणत होते, बोर्डात दोष असणं शक्य नाही. आई म्हणाली, शक्य नाही तर मग टीव्हीला काय माझं तोंड बघवेना झालं? 

“ते ऐकत नाहीत,” आई फोनवर म्हणाली.

“सरांना फोन देता का?”

“अगं मुंगे, काय आहे ना –” बाबांनी फोन हातात येताच सुरुवात केली. लगेच आईचं दबकं बोलणं ऐकू आलं, “नाव नका घेऊ, रेकॉर्ड होतंय.”  मग बाबांनी आवाज एकदम भारदस्त केला.

“नमस्कार. मी ग्राहकाचा नवरा बोलतोय.”

मुंगीने टेबलावरचं पेन दाताखाली धरलं. हसू आवरायला तिला दुसरं काही सापडलं नाही. पेन काढून ती म्हणाली, “नमस्कार सर. बोर्ड आपण स्वतः केलाय असं समजलं. चांगलाच असणार. पण टीव्हीत काही बिघाड असेल तर उगाच बोर्डाला त्रास नको. म्हणून टीव्ही आधी एकटा तपासून घेऊ.”

“बोर्डाला त्रास नको,” बाबा विचार करत म्हणाले. “हे पटतं. हे तुम्ही आधीच सांगायला हवं होतं.”

भिंतीतली जोडणी कपाटामागे होती. कपाट सरकवायला दोघांनाही हात लावावा लागला. फोन टेबलावर उघडाच राहिला, आणि मुंगीला तिच्या घराचे सगळे आवाज ऐकू यायला लागले: कपाटाचा पाय फरशीवर घासला, आतलं भांडं कलंडलं, आई म्हणाली तुम्ही ढकलताय की नुसते टेकलाय, बाबा म्हणाले मी दिशा देतोय. कपाटावरून काहीतरी गडगडत खाली आलं.

“सर, कमरेला सांभाळा,” मुंगी फोनमध्ये मोठ्याने म्हणाली. शेजारच्या टेबलावरच्या मिक्सरवाल्याने वळून तिच्याकडे पाहिलं. टीव्हीच्या तक्रारीत कंबर कुठून आली, असा त्याचा चेहरा होता.

“लागला,” आईचा आवाज लांबून आला आणि मग जवळ. “लाल दिवा लागला. माझ्या उजव्या बाजूला.”

मुंगीने सुस्कारा सोडला. पण टीव्हीवर नुसतं कंपनीचं चिन्ह आलं आणि तिथेच थबकलं. पुढे जाईना, मागे येईना. हे असं होतं कधीकधी. मुंगीने टीव्हीच्या पाठीमागचं छोटं बटण शोधायला सांगितलं आणि ते दाबून धरायला लावलं. बाबांनी ते इतक्या निष्ठेने दाबून धरलं की ‘आता सोडा’ हे तिला तीनदा सांगावं लागलं. टीव्ही पुन्हा सुरू झाला, अगदी पहिल्या दिवसासारखा नवाकोरा होऊन, आणि त्याने नम्रपणे विचारलं, कुठली भाषा हवी?

दुर्दैवाने बाबांचा चष्मा कपाटावर होता, म्हणजे मघाशी गडगडत पडला होता तो चष्माच. त्यांनी रिमोटवर दिसेल ते बटण दाबलं.

“आता काय दिसतंय, मॅडम?”

“मुंग्या,” आई म्हणाली.

मुंगी सटपटली. “काय म्हणालात?”

“सगळीकडे मुंग्याच मुंग्या. एकापाठोपाठ एक. अक्षरं आहेत म्हणे ती. कुठल्या देशातली आहेत देव जाणे.”

मुंगीने डोळे मिटले आणि ती यादी मनात आणली. “मॅडम, खालचं बटण चार वेळा दाबा, मग –”

तेवढ्यात फोनवर खट्ट झालं आणि तिसरा आवाज आला. “नमस्कार मॅडम. मी इथला वरिष्ठ बोलतोय. फोन बराच लांबला, म्हणून विचारतो. आपली काही तक्रार आहे का?”

प्रत्यक्ष भिंत बोलली होती. मुंगीने काचेच्या खोलीकडे पाहिलं. साहेब तिच्याकडेच बघत होते, हाताने ‘थांबा’ अशी खूण करत.

“आहे ना,” आई म्हणाली. “ह्या मुलीला तुम्ही जेवायला वेळ देता का?”

“कुठल्या मुलीला?”

“हीच, फोन घेते ती. आवाज बघा किती बसलाय तिचा.”

“अर्धा तास सुट्टी असते, मॅडम.”

“अर्ध्या तासात काय होतं? डबा उघडायचा की हात धुवायचे? मघापासून मी नाही नाही ते बोलतेय. ती एकदासुद्धा चिडली नाही. मी तिच्या जागी असते तर फोन आपटला असता.”

 तक्रारी साहेबांनी ढिगाने ऐकल्या होत्या, पण अशी नव्हती ऐकली. त्यांनी आपला नेहमीचा मार्ग धरला. “आपल्याकडे आमचा तंत्रज्ञ पाठवतो, मॅडम. गुरुवारी येईल.”

“गुरुवारपर्यंत ती शुद्धीवर येऊन पुन्हा बेशुद्ध होईल.”

“कोण?” साहेब घाबरून म्हणाले.

“मालिकेतली, सर,” मुंगी म्हणाली.

“हां. मग घरात दुसरं कोणी आहे का, थोडं टीव्हीतलं कळणारं?”

 आई बोलली तेव्हा तिचा आवाज खाली आला होता. “मुलगी आहे. पण ती येईल की नाही माहीत नाही.”

“बोलावून तर बघा. बोलावलं की येतात मुलं.”

“मला नाही जमत असं बोलावायला. ह्या मॅडमना विचारते. तुम्हाला काय वाटतं हो, मॅडम? येईल का ती?”

मुंगीला नेमून दिलेलं एकही वाक्य इथे बसत नव्हतं.

“येईल, मॅडम,” ती म्हणाली. “सहानंतर येईल.”

“सहानंतर,” आई म्हणाली. “बरं.” आणि तिने फोन ठेवला.

साहेब काचेच्या खोलीतून उठून मुंगीच्या टेबलापाशी आले. हेडफोन अजून त्यांच्या गळ्यात लोंबत होता. त्यांनी वाकून तिच्या पडद्यावरची नोंद वाचली. तक्रारदाराचं नाव वाचलं, आडनाव वाचलं, मग मुंगीच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचलं.

“सहानंतरच येईल, हे तुम्हाला कसं कळलं?”

“अंदाज, सर.”

“आडनाव एकच दिसतंय.”

“या आडनावाची माणसं पुष्कळ आहेत, सर.”

साहेब नोंदीकडे पाहत उभे राहिले. “नियमानुसार मला हे बोलणं पुन्हा ऐकायला हवं,” ते म्हणाले. “पण मधे माझ्या फोनमध्ये खरखर होती. नीट ऐकूच आलं नाही काही.” मग जाता जाता थांबून म्हणाले, “जेवलात का?”

मुंगी नोकरीला लागल्यापासून भिंतीला ऐकू आलं नाही असं पहिल्यांदाच झालं होतं. मिक्सरवाल्याने ही बातमी सुट्टी होण्याच्या आत सगळ्या टेबलांवर पोचवली.

सहा वाजून गेल्यावर मुंगी घरी पोचली. दार बाबांनी उघडलं. त्यांच्या चष्म्याच्या एका काडीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, बहुधा टीव्हीवरचीच. त्यांच्यामागे खोलीच्या मधोमध कपाट तिरकं उभं होतं, आणि त्याला वळसा घातल्याशिवाय कुणालाच कुठे जाता येत नव्हतं.

आई टीव्हीसमोर बसली होती. पडद्यावर अनोळखी अक्षरांची लांबलचक यादी होती आणि ती तिच्याकडे, पास न होणाऱ्या विद्यार्थ्यासारखी, बघत होती.

“या,” आई म्हणाली. बाहेरच्या माणसाला म्हणावं तसं.

मुंगीने चप्पल काढली, कपाटाला वळसा घातला आणि रिमोट हातात घेतला. खाली, खाली, खाली, खाली, उजवीकडे, पुन्हा खाली. पडद्याकडे ती बघतही नव्हती. आई मात्र तिच्या अंगठ्याकडे बघत होती. अक्षरं झटकन बदलली आणि सगळं वाचता येईल असं झालं.

“ही भाषा येते तुला?”

“नाही.”

“मग?”

“यादी पाठ आहे. रोज कुणी ना कुणी अडकतंच इथे. चष्मा न लावता.”

बाबांनी हे ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ते कोपऱ्यात बसून बोर्डाचे स्क्रू काढत होते. आपण निघून गेल्यावर घर कसं चालतं, हे मुंगीने नजरेने एकदा बघून घेतलं. तिच्या पलंगावर इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात झाली होती, पण ते सगळे एका बाजूला सरकवून तिची झोपायची जागा मोकळी ठेवलेली होती.

“आली का ती शुद्धीवर?” तिने विचारलं.

“शेजारीण सांगत होती, नुसतं बोट हललं,” आई म्हणाली. “पायाचं.” मग तिने विचारलं, “लोक असेच बोलतात का गं तुझ्याशी? मी बोलले तसे?”

“तू बरी होतीस.”

“बरी म्हणजे चांगली?”

“मधली.”

“मधली म्हणजे काय?” आईला हे बिलकुल आवडलं नाही. “माझ्यापेक्षा चांगलं कोण बोलतं?”

“एक आजोबा आहेत. चुकून फ्रीजऐवजी टीव्हीला फोन लावतात. दार नीट लागत नाही म्हणतात, मी म्हणते टीव्हीला दार नसतं, ते म्हणतात बरं, आणि माफी मागतात. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.”

आई हसली. पहिल्यांदा तोंड बंद ठेवून, मग ते जमेना म्हणून मोकळी. हसून झाल्यावर ती कसनुशी झाली. “एक गोंधळ झालाय,” ती म्हणाली. “फोन ठेवल्यावर कंपनीचा फोन आला. मशीनचा. सेवा कशी वाटली, एक ते पाचमधला आकडा दाबा म्हणाला. मी पाच दाबणार होते. पण तो ह्यांनी उचलला होता.”

“आणि?”

“दोन दाबला गेला,” बाबा स्क्रूकडे बघत म्हणाले. “चष्मा –”

“उद्या मी पुन्हा फोन करते,” आई म्हणाली. “काहीतरी बिघडवते आणि पाच देते.”

जेवणं झाली. बाबांनी बोर्ड पूर्ण उघडला होता. ‘टीव्ही’ लिहिलेल्या बटणाची वायर मागून निघाली होती. ‘वायर निघाली हा वायरीचा दोष, बोर्डाचा नव्हे,’ असं त्यांचं म्हणणं पडलं आणि त्यांना कुणी विरोध केला नाही. कपाट तिघांनी मिळून जागेवर सरकवलं. आईने मावशीबद्दल, त्या जेवणाबद्दल काही काढलं नाही. मुंगीनेही काढलं नाही. फक्त ताटं उचलताना आई एकदा म्हणाली, “मला काय माहीत, तू दिवसभर असं काम करतेस. मला वाटलं, नुसतं हॅलो म्हणायचं असतं.” आणि मुंगीच्या हातातलं ताट काढून घेऊन ती ओट्याकडे गेली.

निघताना मुंगी म्हणाली, रविवारी येते, राहायलाच येते. आईने मान हलवली आणि पायात चप्पल सरकवली. बसथांब्यापर्यंत सोडायला नेहमी बाबा जायचे. आज आई निघाली.

रस्त्यावर दुकानं बंद व्हायला लागली होती. एक दुकानदार शटर ओढत होता, ते मधेच अडकलं होतं आणि तो त्याला लाथ घालत होता. दोघी त्याच्या पुढून गेल्या.

“शिव्यापण देतात का गं?” आईने एकदम विचारलं.

“कोण?”

“फोनवर. लोक.”

“देतात कधीकधी.”

“मग तू काय करतेस?”

“काही नाही. ‘आपली अडचण मी समजू शकते’ म्हणते.”

 थांब्यावर पोचल्यावर आईने इकडेतिकडे पाहिलं, मुंगीच्या जवळ सरकली आणि आवाज खाली आणला.

“त्यांचे नंबर असतात ना तुमच्याकडे?”

“असतात. पण बाहेर देता येत नाहीत.”

“सगळे कुठे मागतेय मी?” आई म्हणाली. “फार वाईट बोलला असेल असा एखादा दे.”

बस आली. मुंगी चढली, खिडकीपाशी बसली आणि नाही म्हणून मान हलवत राहिली. बस सुटेपर्यंत आई थांब्यावर उभी राहून बोटाने खुणावत होती: एक, फक्त एक.